कच्ची प्रत आणि तिची चिकित्सा : मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या बांधणीचा व दोषशोधनाचा विचार

प्रस्तावना

डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या या संशोधकाने ज्या ग्रंथाच्या पोथ्या ताडून पाहण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली, त्या ग्रंथाची मूळ प्रत उपलब्ध नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली प्रत धामधुमीच्या काळात नष्ट झाली, पुढे ती अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभी करण्यात आली आणि त्यातून पाठभेद निर्माण झाले. त्यात भर म्हणजे महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. लिपी उलगडायची, पाठ लावायचा, कोणत्या लेखनिकाच्या हातून कोणती चूक कोठे शिरली हे शोधायचे आणि अखेरीस वाचनीय प्रत सिद्ध करायची, असे या कामाचे स्वरूप असते. पाठचिकित्सा म्हणून ते मराठीच्या प्राध्यापकांना परिचित आहे.

त्याच महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील संगणकशास्त्र विभागात एखादा अधिव्याख्याता मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची विकसन-आवृत्ती मूळ संहितेपासून बांधत बसलेला असेल, तर त्याचे काम पाठचिकित्सेच्या फार जवळचे असते. ही गोष्ट दोन्ही विभागांच्या सहसा ध्यानात येत नाही. एका बाजूस संगणक हे 'यंत्र' आणि दुसऱ्या बाजूस पोथी हे 'साहित्य' अशी वाटणी फार लवकर होते. वास्तविक ऑपरेटिंग सिस्टिम ही माणसांनी लिहिलेली, माणसांनी दुरुस्त केलेली आणि माणसांच्या चुका वाहणारी अतिदीर्घ संहिता आहे. प्रस्तुत लेखात या संहितेच्या कच्च्या प्रतीचा, म्हणजे विकसन-आवृत्तीचा, विचार केला आहे. ती कशी बांधली जाते, ती मोडते तेव्हा दोष कसा शोधला जातो आणि मराठी भाषेच्या व मराठी महाविद्यालयांच्या दृष्टीने या उद्योगाचे मोल काय, हे येथे पाहावयाचे आहे.

विकसन-आवृत्तीचे स्वरूप

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नलचे काम जाहीर केले, तेव्हा जे जगापुढे आले ती कच्ची प्रतच होती. आजही लिनक्सचे काम त्याच रीतीने चालते. नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात, त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी-प्रत निघते आणि सातव्या वा आठव्या प्रतीनंतर पक्की आवृत्ती जाहीर होते. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असणे ही नेहमीची बाब आहे.

कर्नल हा गाभा झाला. त्याभोवती हजारो आज्ञावल्या जुळवून जी वापरण्याजोगी प्रणाली तयार होते तिला वितरण म्हणतात. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले 'डेबियन' हे त्यांतील एक ज्येष्ठ वितरण. डेबियनच्या स्थिर, चाचणीतील आणि अस्थिर अशा तीन शाखा असतात. अस्थिर शाखेचे नाव कायमचे 'सिड'. खेळणी मोडणाऱ्या एका चित्रपटातील खोडकर मुलाचे हे नाव आहे आणि ते ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावयास हवी. 'फेडोरा'ची अशी शाखा 'रॉहाइड' म्हणजे न कमावलेले कातडे. 'फ्रीबीएसडी'ची 'करंट'. फ्रीबीएसडीच्या विकसन-शाखेत दोष पकडणाऱ्या तपासण्या मुद्दाम चालू ठेवलेल्या असतात, त्यामुळे ती पक्क्या आवृत्तीपेक्षा मंद चालते. ते न जाणणारा नवखा वापरकर्ता 'ही प्रणाली रेंगाळते' अशी तक्रार करतो. कच्ची प्रत वाचताना ती पक्की आहे असे गृहीत धरले की असे गैरसमज होतात.

बांधणी

बांधणीचे टप्पे सांगावयास सोपे आहेत. संहिता उतरवून घ्यावयाची, कोणते भाग हवेत ते ठरवावयाचे, कंपाइल करावयाचे, बसवावयाचे आणि यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. फ्रीबीएसडीमध्ये आधी 'वर्ल्ड' आणि मग कर्नल बांधतात, परंतु बसविताना आधी कर्नल आणि मग वर्ल्ड असा क्रम असतो, कारण नव्या आज्ञावल्या जुन्या कर्नलवर चालतीलच असे नाही. उलट नवा कर्नल जुन्या आज्ञावल्यांना सहसा सांभाळून घेतो. संहितेसोबत 'अपडेटिंग' नावाची एक साधी फाइल येते. गेल्या काही महिन्यांत कोणत्या बदलामुळे काय मोडेल आणि त्यावर उपाय कोणता हे तिच्यात तारीखवार लिहिलेले असते. ती न वाचता बांधणीस बसणे म्हणजे प्रस्तावना न वाचता चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपांत शिरणे.

बांधणी मध्येच थांबते तेव्हा पडद्यावर शेकडो ओळी आलेल्या असतात आणि शेवटची ओळ केवळ इतकेच सांगते की काम अयशस्वी झाले. विद्यार्थी ती शेवटची ओळ वाचतो आणि तिचाच अर्थ विचारीत फिरतो. खरा दोष पहिल्या चुकीत असतो. पुढच्या बहुतेक तिच्या पाठोपाठ आलेल्या असतात. त्यातून एकाच वेळी अनेक कामे समांतर चालवून बांधणी केली असेल, तर एक काम मोडल्यावरही बाकीची काही काळ चालू राहतात आणि मूळ चूक त्यांच्या गर्दीत वर निघून जाते. अशा वेळी समांतरता बंद करून, एकेक काम क्रमाने चालवून बांधणी पुन्हा करावी, म्हणजे चूक जेथल्या तेथे दिसते. दुसरी नित्याची अडचण शिळ्या भागांची. मागील बांधणीचे तुकडे नव्या संहितेशी जोडले जातात आणि संहितेत नसलेला दोष निर्माण होतो. सर्व पुसून नव्याने बांधल्यावर तो नाहीसा झाला, तर तो संहितेचा नव्हता असे समजावे.

नागपूरच्या संदर्भात आणखी एका दोषाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. कंपायलर स्वतःच 'सिग्नल ११' म्हणून कोसळतो तेव्हा नवखा मनुष्य संहितेला दोष देतो. येथे जुन्या जाणत्यांची एक साधी कसोटी आहे. बांधणी पुन्हा केली असता चूक त्याच ओळीवर आली तर दोष संहितेत वा कंपायलरमध्ये आहे. दर वेळी निराळ्या फाइलीवर आली तर दोष यंत्रात आहे, बहुधा मेमरीत किंवा तापलेल्या प्रोसेसरमध्ये. तासन्‌तास चालणारी बांधणी यंत्राला जितकी राबवते तितकी लेखन-वाचनाची नित्याची कामे राबवीत नाहीत, म्हणून एरवी झाकलेला दोष येथे उघडा पडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जाणाऱ्या शहरात, कूलरच्या दमट हवेवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत, ही कसोटी पुस्तकी राहत नाही. विदर्भाने बारनियमनाची वर्षे पाहिली आहेत. सहा तासांची बांधणी पाचव्या तासाला अंधारात जाणे म्हणजे काय, हे त्या काळात या वाटेला गेलेल्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

बांधणी पूर्ण झाली तरी प्रणाली उठेलच असे नाही. मूळ फाइलप्रणाली जोडता आली नाही असे सांगून कर्नल थांबतो, हा अनुभव जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कारण असे की डिस्क वाचण्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये अंतर्भूत केलेला नसतो आणि सुरुवातीच्या तात्पुरत्या प्रतिमेतही ठेवलेला नसतो. तो असतो त्या डिस्कवरच. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावावे असा हा प्रकार आहे. म्हणून जुना, चालता कर्नल कधीही पुसू नये. नव्याच्या शेजारी तो ठेवावा आणि सुरू होताना निवडीची सोय असावी.

दोषशोधन आणि पाठचिकित्सा

कालची प्रत चालत होती, आजची चालत नाही, आणि मध्ये बारा हजार बदल झालेले आहेत. अशा वेळी काय करावे? टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' या व्यवस्थेत यासाठी द्विभाजनाची सोय आहे. बदलांच्या मधोमधची प्रत बांधावयाची आणि ती चालते का ते पाहावयाचे. चालली तर दोष उत्तरार्धात, न चालली तर पूर्वार्धात. दर खेपेस शोधक्षेत्र निम्मे होते. हजार बदलांसाठी दहा आणि बारा हजारांसाठी चौदा बांधण्या पुरतात. कार्यकारणाची कसलीही कल्पना नसताना, केवळ चिकाटीच्या बळावर, दोष शिरला तो नेमका बदल, त्याची तारीख आणि तो करणाराचे नाव हाती येते.

पाठचिकित्सकाला ही चैन उपलब्ध नसते. पोथ्यांची वंशावळ त्याला अनुमानाने रचावी लागते. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे समान चुकांवरून ताडावे लागते, आणि लेखनिक बहुधा अनामिक असतो. पण या दोन कामांत अधिक मूलभूत भेदही आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. संपादक मूळ पाठाकडे मागे जात असतो. बांधणारा अद्याप अस्तित्वात नसलेल्या पक्क्या प्रतीकडे पुढे जात असतो. शिवाय संपादकाने स्वीकारलेला पाठ बरोबर की चूक हे कोणतेही यंत्र सांगत नाही. बांधणाऱ्याला यंत्र ताबडतोब सांगते. निदान सांगते असा त्याचा समज असतो.

हा समज किती फसवा आहे हे २००८ मध्ये दिसून आले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिचा आदिपर्वाचा खंड वि. सी. सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाला, एक तत्त्व वारंवार उपयोगात आणलेले आहे. दोन पाठांपैकी जो अवघड तो मूळचा असण्याचा संभव अधिक, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. २००६ च्या सप्टेंबरात डेबियनच्या अस्थिर शाखेत 'ओपनएसएसएल' या कूटलेखनाच्या ग्रंथालयातून दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. 'व्हॅलग्राइंड' हे तपासणी-साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करीत होते. प्रारंभिक मूल्य न दिलेली मेमरी तेथे वाचली जाते असे त्याचे म्हणणे होते. ओळी विचित्र दिसत होत्या आणि त्या काढल्यावर कुरकुर थांबली. बांधणी यशस्वी झाली. सर्व काही पूर्ववत चालू लागले. परंतु त्यांतील एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या उगमात बीज मिसळण्याचे काम करीत होती. ती गेल्यावर बीज म्हणून केवळ प्रक्रियेचा क्रमांक उरला आणि अब्जावधींच्या ठिकाणी एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ एवढ्याच निर्माण होऊ शकल्या. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला, तोवर तो स्थिर आवृत्तीत उतरून जगभर पसरला होता. अवघड पाठ न कळल्यामुळे तो 'सुधारणाऱ्या' लेखनिकाची ही अगदी अभिजात चूक आहे. ती प्रामाणिक होती, हेतू चांगला होता आणि केलेला बदल सर्वांना वाचावयास खुला होता. वीस महिने तो कोणी लक्षपूर्वक वाचला नाही, इतकेच.

एरिक रेमंड यांच्या १९९७ च्या निबंधापासून असे सांगितले जाते की पुरेसे डोळे असतील तर कोणताही दोष खोल राहत नाही. मुक्तस्रोताच्या प्रचारसाहित्यात हे विधान जवळजवळ मंत्रासारखे वापरले जाते. २००८ चा प्रसंग पाहता त्यात एक शब्द घालावा लागतो : वाचणारे डोळे. संहिता खुली असणे आणि ती वाचली जाणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयात पोथी आहे एवढ्याने तिची चिकित्सा होत नसते.

अर्ध्या सेकंदाचा विलंब

याची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली, आणि तो प्रसंग विकसन-आवृत्तीच्या समर्थनार्थ आजवर मिळालेला सर्वांत बळकट पुरावा म्हणावा लागेल. 'एक्सझेड' हे फाइली आवळून लहान करण्याचे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात असते. ते सांभाळणारा मूळ मनुष्य एकटा आणि थकलेला होता. एका टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास मिळविला, सहसंपादकत्व मिळविले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाचे चोरदार बसविले.

हे कोणत्याही शासकीय यंत्रणेला वा सुरक्षा-कंपनीला सापडले नाही. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या विदागार-प्रणालीचे विकासक डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेगमापनाच्या चाचण्या करीत होते. मापन अचूक यावे म्हणून यंत्र शांत हवे होते. पण दूरस्थ प्रवेशाची आज्ञावली अकारण प्रोसेसर वापरीत होती आणि प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. त्याआधी व्हॅलग्राइंडच्या काही तक्रारी त्यांच्या नजरेस आलेल्या होत्या. या दोन्हींचा मेळ घालून ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. चोरदार तोवर डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत आणि फेडोराच्या रॉहाइडमध्ये पोहोचले होते, स्थिर डेबियनमध्ये नव्हते. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. २००६ मध्ये व्हॅलग्राइंडची तक्रार गप्प करण्यात आली आणि दोष जन्मला. २०२४ मध्ये त्याच साधनाची तक्रार स्मरणात ठेवण्यात आली आणि दोष सापडला. साधन एकच होते. फरक वाचकात होता.

बांधणीच्या दृष्टीने या प्रसंगातील सर्वांत उद्‌बोधक तपशील निराळाच आहे. चोरदार उघडणारा बांधणी-सूचनेचा तुकडा गिटमधील संहितेत नव्हताच. वितरणासाठी जी गठडी बांधून दिली जात होती तिच्यात तो घातलेला होता. बाकीचा मजकूर चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या म्हणून ठेवलेल्या फाइलींत दडविलेला होता. म्हणजे पोथी शुद्ध आणि छापील प्रत प्रक्षिप्त. ज्याने केवळ गिटमधील संहिता वाचली त्याला काही दिसले नसते, आणि ज्याने तिच्यावरूनच बांधणी केली त्याच्या यंत्रावर चोरदार उघडले नसते. ज्ञानेश्वरीचा पाठ शके १५०६ मध्ये शुद्ध केल्यावर, त्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे एकनाथांनी बजावले होते. बजावण्याने प्रक्षेप थांबत नाहीत. प्रती ताडून पाहाव्याच लागतात. एकाच संहितेवरून दोघांनी स्वतंत्रपणे बांधलेल्या प्रती अक्षरशः सारख्या याव्यात असा जो 'पुनरुत्पाद्य बांधणी'चा आग्रह डेबियनमध्ये २०२४ च्या कितीतरी आधीपासून धरला जात आहे, त्याचे मर्म हेच आहे.

'स्वदेशी' प्रणालीचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमच्या घोषणांकडे पाहता येते. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही प्रणाली प्रसिद्ध केली. ती डेबियनवर आधारित आहे आणि भारतीय भाषांची सोय हा तिचा एक प्रमुख उद्देश आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयासाठी 'माया' ही उबुंटूवर आधारित प्रणाली तयार झाल्याचे जाहीर झाले. उबुंटू स्वतः डेबियनपासून निघालेले. 'हे तर दुसऱ्याचेच घेतलेले' अशी टीका या प्रणालींवर होते आणि ती उथळ आहे. ज्ञानेश्वरीही गीतेवरील टीकाच होय. उसनवारीत गैर काही नाही, आणि मुक्तस्रोताचा परवाना तर उसनवारीसाठीच दिलेला असतो.

कसोटी वेगळी लावावयास हवी. जी संहिता घेतली ती मुळापासून बांधू शकणारे, मोडली तर दोष शोधू शकणारे आणि केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठविणारे किती मनुष्यबळ या देशात तयार झाले? नाव आणि बोधचिन्ह बदलल्याने प्रणाली आपली होत नाही. २००८ च्या मे महिन्यात डेबियनवर आधारलेल्या प्रत्येक वितरणाला तो दोष वारशाने मिळाला होता. तेव्हा वारसदारापुढे दोनच मार्ग होते, स्वतः तपासणे किंवा दुरुस्तीची वाट पाहणे. स्वावलंबनाची चर्चा येथून सुरू झाली पाहिजे. ती बहुधा उद्‌घाटनाच्या छायाचित्रापाशी संपते.

अध्यापनातील उणीव

हे मनुष्यबळ महाविद्यालयांतून यावयाचे असेल तर तेथे काय शिकविले जाते हे पाहणे क्रमप्राप्त आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय बहुतेक ठिकाणी व्याख्या, आकृत्या आणि गणिते यांच्या रूपाने शिकविला जातो. प्रक्रियांचे नियोजन, कोंडीच्या अटी, पृष्ठ-बदलाच्या पद्धती हे सर्व कागदावर सोडवून विद्यार्थी उत्तम गुण मिळवितो आणि खऱ्या कर्नलची एक ओळही न पाहता पदवीधर होतो. काव्यशास्त्र पाठ आणि कविता न वाचलेली, अशी ही अवस्था आहे.

वेगळे घडू शकते याचे उदाहरण जुनेच आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या प्राध्यापकाने १९७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची संपूर्ण संहिता आणि तिच्यावरील ओळवार भाष्य वर्गासाठी सिद्ध केले. पुढे परवान्याच्या अटी बदलल्या, संहिता वर्गात शिकविण्यास मनाई झाली आणि ते भाष्य छायाप्रतींच्या रूपाने जगभर हातोहात फिरले. अधिकृतपणे ते १९९६ मध्येच छापले गेले. त्या मनाईमुळेच अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये शिकविण्यासाठी 'मिनिक्स' ही लहान प्रणाली स्वतः लिहिली, आणि मिनिक्स वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले. भाष्याची ही परंपरा मराठी मनाला परकी वाटण्याचे काही कारण नाही.

अडचण आहे ती अध्यापकाच्या वेळेची आणि त्या वेळेच्या हिशेबाची. एखाद्या अध्यापकाने चौदा बांधण्या करून दोष शोधला, दुरुस्ती पाठविली आणि ती स्वीकारली जाऊन जगभरच्या यंत्रांत गेली, तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० वा २०१८ च्या नियमावलीतील गुणांच्या तक्त्यात तिच्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. त्या दोषावर त्याने चार पानी लेख छापला तर मात्र आहे. स्वीकृत दुरुस्ती ही परीक्षणाच्या दृष्टीने पुष्कळदा लेखापेक्षा कठोर चाळणीतून गेलेली असते. अनोळखी जाणकार ती ओळीओळीने तपासतात आणि नाकारताना भीड बाळगीत नाहीत. या रकान्याचा प्रश्न प्राध्यापकांच्या संघटनांनी अद्याप गांभीर्याने घेतल्याचे दिसत नाही.

मराठीचा पाठ

मराठी विभागाचा या सर्वांशी प्रत्यक्ष संबंध कोठे येतो, हे एका अक्षराच्या उदाहरणाने पाहता येईल. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी तर व्याकरणाच्या वर्गात हमखास सांगितली जाते. हा भेद रफाराचा आणि अर्ध्या 'र'च्या आडव्या, पापणीसारख्या खुणेचा आहे. हिंदीला या खुणेची गरज पडत नाही, मराठीचे तिच्यावाचून अडते. युनिकोडमध्ये ती दोन प्रकारे लिहिता येते : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन भिन्न अक्षरमाला वाटतात, आणि प्रमाणीकरणाच्या नियमांनीही त्या एकरूप होत नाहीत. परिणामी एका पद्धतीने टंकलेल्या प्रबंधात दुसऱ्या पद्धतीने 'तऱ्हा' शोधल्यास तो शब्द सापडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत आणखी एक धोका आहे. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असे समजून ती गाळून टाकणारी आज्ञावली कोणी लिहिली की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि सह्याद्रीच्या कुशीत समुद्र येतो. ती लिहिणाराचा हेतू स्वच्छतेचा असतो. अवघड पाठ न कळता सुधारण्याचा, २००६ मधला तोच प्रकार.

'ॲ' या अक्षराचा इतिहासही असाच बोलका आहे. ते युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, आले. तोवर 'अ'वर अर्धचंद्र चढवून काम भागविले जाई. प्रमाणात अक्षर आले म्हणून ते पडद्यावर उमटत नाही. फाँटमध्ये त्याची आकृती हवी, अक्षरजुळणी करणाऱ्या आज्ञावलीला ते स्वर म्हणून माहीत हवे, कळफलकावर त्याला जागा हवी आणि वर्णक्रमात त्याचे स्थान ठरावयास हवे. वर्णमालेसंबंधीचा महाराष्ट्र शासनाचा एक निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा आहे. तो शासननिर्णय आणि ऑपरेटिंग सिस्टिममधील वर्णक्रमाची फाइल या दोहोंचा मेळ कोणीतरी बसून घालावा लागतो. मुक्तस्रोतात या प्रत्येक घटकाचे घर निराळे, सांभाळणारे निराळे, वेळापत्रकही निराळे. ते सर्व प्रथम एकत्र येतात ते विकसन-आवृत्तीत. तेथे मराठी वाचणारा कोणी नसेल तर चूक जशीच्या तशी स्थिर आवृत्तीत उतरते आणि पुढे कित्येक वर्षे कार्यालयांच्या पत्रांतून वावरते.

मराठीत हे काम झाले नाही असे नव्हे. 'लोहित' हे फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविले आणि रेड हॅटने ते २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट आज सर्वत्र दिसतात. परंतु केरळमध्ये 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग'च्या रूपाने स्वयंसेवकांचा जो समुदाय फाँट, कळफलक व भाषांतरे सातत्याने सांभाळताना दिसतो, त्याच्या तुलनेने मराठीतील काम कंपन्यांतील नोकरदारांवर आणि शासकीय संस्थांवर अधिक विसंबून राहिलेले आहे. नोकरी बदलली की फाइल पोरकी होते.

ती सांभाळण्यासाठी लागणारी पात्रता विलक्षण नाही. दोषाची नोंद करताना कोणत्या आवृत्तीत, कोणत्या फाँटमध्ये, कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने टंकली, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले एवढे नेमके लिहावे लागते. 'मराठी नीट दिसत नाही' अशी नोंद परत येते. 'दऱ्या हा शब्द र, हलन्त, जोडचिन्ह, य, काना असा लिहिला असता अमुक आवृत्तीपासून रफार दिसतो. आदल्या आवृत्तीत दिसत नव्हता' अशी नोंद आली की दुसऱ्या खंडातील, मराठीचे एक अक्षरही न जाणणारा विकासक द्विभाजन करून तो बदल शोधू शकतो. पोथीतील पाठभेद पान, ओळ आणि लेखनिकासह टिपून ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना असे वाक्य लिहिणे जड जाऊ नये. त्यासाठी विकसन-आवृत्ती बसविलेले एक जुने यंत्र मराठी विभागात असावे लागेल, आणि ते मोडले असता जिना चढून वर जाण्याची तयारीही.